गळतीचा आकडा आणि राष्ट्राध्यक्षांची परीक्षा

२० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले, दोन दिवसांनी रिग बुडाली आणि सुमारे दीड किलोमीटर खोल समुद्रतळावरच्या, बीपी या तेलकंपनीच्या मकोंडो विहिरीतून ८७ दिवस तेल उसळत राहिले. त्या काळात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्यावर झालेल्या टीकेचा मोठा भाग त्यांच्या चेहऱ्याविषयी होता. ते चिडत का नाहीत, किनाऱ्यावर किती वेळा गेले, मच्छिमारांशी बोलताना आवाज का चढला नाही, असे प्रश्न दररोज विचारले जात होते. ८ जूनला एका मुलाखतीत त्यांनी, लाथ कोणाला घालायची हे कळावे म्हणून आपण तज्ज्ञांशी बोलतो आहोत, असे सांगितले. मग त्या शब्दांवर आठवडाभर चर्चा झाली. तेवढ्याच काळात गळतीचा अधिकृत आकडा दुपटीहून अधिक वाढला, पण त्यावर त्यामानाने फारच कमी लोक बोलले.

मला ही परीक्षाच चुकीची वाटते. समुद्रात तेल सांडते तेव्हा ते थांबवण्याची साधने बहुतेक वेळा कंपनीकडे असतात. कंपनीकडून मिळत नाही अशी एकच गोष्ट सरकारच देऊ शकते, ती म्हणजे स्वतंत्र माहिती. म्हणून नेत्याला तपासायचे तर त्याने कोणता आकडा खरा धरला, तो कोणाकडून घेतला आणि त्यावर कोणते निर्णय बेतले, हे पाहावे. ओबामांना ही फूटपट्टी लावली तर निकाल मिश्र येतो, आणि त्यांच्या विरोधकांनी किंवा समर्थकांनी सांगितला तिथे तो येत नाही.

आधी अधिकार कोणाचे होते ते पाहू. चक्रीवादळात अमेरिकेत ‘स्टॅफर्ड कायदा’ चालतो. मदत मागतो राज्याचा गव्हर्नर, केंद्र त्याच्या पाठीशी उभे राहते. तेलगळतीत गणित उलटे आहे. एक्झॉन वाल्डीझ या तेलवाहू जहाजाच्या १९८९ मधल्या अपघातानंतर १९९० साली झालेल्या तेल प्रदूषण कायद्यानुसार मोठ्या गळतीत सूत्रे केंद्राकडे जातात, प्रत्यक्ष निर्णय तटरक्षक दलाचा अधिकारी घेतो आणि खर्च जबाबदार कंपनीने करायचा असतो. लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल आणि तिथले स्थानिक पुढारी कतरिना चक्रीवादळाच्या अनुभवातून आलेले होते. आपल्या हाती पैसा आणि सामान द्या, ही त्यांची मागणी त्या सवयीतून येत होती. केंद्राने हा फरक त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायला हवा होता. तो सांगितला गेला नाही, आणि पुढची निम्मी भांडणे तिथून सुरू झाली.

‘बीपीला बाजूला सारून सरकारने ताबा घ्यावा’ ही मागणी मे महिन्यात सगळीकडून येत होती. मोहिमेचे प्रमुख, तटरक्षक दलाचे अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन यांनी त्यावर विचारले, की बाजूला सारून त्यांच्या जागी कोणाला आणायचे? प्रश्न रास्त होता. १,५०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे १५० वातावरणांइतका असतो आणि तापमान चार-पाच अंश सेल्सिअस. तिथे माणूस उतरत नाही; दूरनियंत्रित पाणबुड्या, ड्रिलिंगची जहाजे आणि ती चालवणारी माणसे लागतात. ही साधने तेलउद्योगाकडेच होती. नौदलाकडे विहीर बंद करण्याचे काही नव्हते. तेव्हा ताबा न घेतल्याबद्दल ओबामांना दोष देणे मला पटत नाही.

दोष द्यायचा तो आकड्याबद्दल. २४ एप्रिलला गळती दिवसाला १,००० बॅरल सांगितली गेली, २८ एप्रिलला ५,००० (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). हा ५,००० चा आकडा सरकारच्या समुद्र व हवामान संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाच्या घाईघाईच्या टिपणातून आला होता. त्याने तुटलेल्या नळातून येणाऱ्या झोताचा वेग नजरेने अंदाजला होता आणि पृष्ठभागावरच्या तवंगाचे क्षेत्रफळ व रंग पाहिला होता. या पद्धतीतली अडचण उघड आहे. तवंगाची जाडी रंगावरून ठरवायची, आणि ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून दशांशापर्यंत काहीही असू शकते. शिवाय इतक्या खोलीवरून निघालेले बरेचसे तेल बारीक थेंब होऊन पाण्यातच राहते, वर येतच नाही. एवढा कच्चा आकडा जवळजवळ महिनाभर, २७ मेपर्यंत, अमेरिकेच्या सरकारचा अधिकृत आकडा राहिला.

त्याहून बरी पद्धत उपलब्ध होती. समुद्रतळावरच्या कॅमेऱ्यात झोताचे भोवरे दिसतात. एखादा भोवरा एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत किती सरकला ते मोजायचे, त्यावरून वेग काढायचा, नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि झोतातला वायूचा वाटा वजा करायचा. वायूचा वाटा किती धरावा यात मोठी चूक होऊ शकते, पण ती चूक दसपट नसते. बीपीने १२ मे रोजी ३० सेकंदांची चित्रफीत बाहेर दिली आणि पर्ड्यू विद्यापीठातले अभियंते स्टीव्ह वेअर्ली यांनी याच पद्धतीने दिवसाला सुमारे ७०,००० बॅरलचा अंदाज दिला. चित्रीकरण कंपनीकडे त्याआधीही होते. सरकारने ते आधीच मागून आपल्या शास्त्रज्ञांपुढे ठेवले असते, तर ५,००० चा आकडा मेच्या पहिल्या आठवड्यातच कोसळला असता. प्रवाह मोजण्यासाठी सरकारने तज्ज्ञगट नेमला तो १९ मेच्या सुमारास. त्यानंतरचे आकडे असे चढत गेले: २७ मे रोजी १२,००० ते १९,०००, १५ जूनला ३५,००० ते ६०,०००, आणि ऑगस्टमध्ये शेवटचा हिशेब, सुरुवातीला दिवसाला ६२,००० आणि विहीर बंद होताना ५३,०००, एकूण ४९ लाख बॅरल.

कंपनीला आकडा लहान हवा असण्याचे कारण लपलेले नव्हते. स्वच्छ पाणी कायद्याखाली तेव्हा दंड बॅरलमागे १,१०० डॉलरपर्यंत होता आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ४,३०० डॉलरपर्यंत. म्हणजे ज्याच्याकडून दंड वसूल करायचा, त्याच्याच कॅमेऱ्यांवर आणि त्याच्याच सोयीवर सरकार माप घेण्यासाठी अवलंबून होते. बीपीने पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, चौकशीत अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला, आणि प्रवाहाबाबत गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल भांडवली बाजाराच्या नियंत्रकाला ५२.५ कोटी डॉलर दिले. हे कळायला दोन वर्षे थांबायची गरज नव्हती. हितसंबंध पहिल्या दिवशीही तेच होते.

काही जण म्हणतात की आकडा काहीही असो, विहीर बंद करायचे काम तर चालूच होते, मग फरक काय पडला? फरक ‘टॉप किल’च्या वेळी पडला. २६ ते २८ मे दरम्यान विहिरीच्या तोंडावरच्या झडपसंचातून, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटरमधून, जड ड्रिलिंग मड, म्हणजे विहीर खोदताना वापरतात तो दाट चिखल, आत दाबला गेला. वेग दिवसाला १ लाख बॅरलहून जास्त होता. शिवाय तोंड बुजावे म्हणून रबराचे तुकडेही टाकले गेले. यामागची कल्पना सोपी आहे. वरून आलेल्या मडला बाहेर पडायला अडथळा झाला तर तो खाली विहिरीत उतरतो, त्याचा स्तंभ उभा राहतो आणि त्याच्या वजनाने तेल दबते. पण खालून येणारा प्रवाह जोराचा असेल तर मड खाली उतरतच नाही, वरच्या वर तेलाबरोबर समुद्रात फेकला जातो. प्रवाह १५,००० बॅरलच्या पुढे असेल तर हा उपाय चालणार नाही, असे खुद्द कंपनीच्या अभियंत्यांचे मत होते. खरा प्रवाह त्याच्या चौपट होता.

उपाय फसला. त्याहून वाईट म्हणजे फसण्याचे कारण चुकीचे लावले गेले. विहिरीच्या १६ इंची केसिंगमध्ये, म्हणजे आतल्या पोलादी नळीत, दाब सुटण्यासाठी बसवलेल्या चकत्या असतात. त्या स्फोटाच्या वेळी फुटल्या असाव्यात आणि मड बाजूच्या खडकात शिरला असावा, असा तर्क कंपनीने मांडला. तो खरा असता तर विहीर वरून बंद करणे धोक्याचे होते, कारण दाब वाढून तेल बाजूच्या थरांतून समुद्रतळ फोडून वर आले असते, आणि तसे तेल विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या कोणत्याही झाकणाने, म्हणजे टोपीने, थांबत नाही. म्हणून विहिरीवर दुसरा झडपसंच बसवून ती बंद करण्याचा पर्याय मागे पडला आणि जूनभर फक्त जमेल तेवढे तेल गोळा करण्यावर भर राहिला. प्रवाहाचा खरा आकडा समोर असता तर ‘प्रवाहच फार जोराचा होता’ हे साधे स्पष्टीकरण पुढे आले असते. विहीर अखेर तशीच वरून बंद झाली, १५ जुलैला. मधल्या सहा आठवड्यांतले सगळे दिवस वाचले असते असे मी म्हणत नाही, टोपी तयार करायला आणि बसवायला वेळ लागतोच. पण त्या उशिराची मुळे ५,००० च्या आकड्यात आहेत आणि त्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाते. या गळतीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय चौकशी आयोगाच्या टिपणात आणखी एक नोंद आहे, की हवामान संस्थेला गळतीची सर्वांत वाईट शक्यता दाखवणारी अनुमाने जाहीर करायची होती आणि व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्याला मान्यता दिली नाही. ओबामांच्या कारकिर्दीतल्या ज्या गोष्टी मला सर्वांत खटकतात, त्यांत ही वरची आहे.

टॉप किल फसल्यानंतर मात्र चित्र पालटले, आणि तेही तितक्याच ठळकपणे मांडायला हवे. ऊर्जामंत्री स्टीव्हन चू, जे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ आहेत, मेच्या मध्यापासूनच राष्ट्रीय प्रयोगशाळांतली माणसे घेऊन ह्यूस्टनमध्ये बीपीच्या कार्यालयात जात होते. आता कंपनीची प्रत्येक पुढची पायरी त्यांच्या मंजुरीवाचून हलेनाशी झाली. जुलैच्या मध्यास नवी टोपी बसली तेव्हा चाचणी आणखी तपासणीसाठी लांबवायला लावली ती सरकारी चमूने. निकषही आधी ठरले होते. झडपा बंद केल्यावर दाब ७,५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वर गेला तर विहीर शाबूत आहे. ६,००० च्या खाली राहिला तर कुठेतरी गळते आहे, मग काही तासांत पुन्हा उघडायची. मधला पट्टा संदिग्ध.

दाब थांबला ६,६०० च्या आसपास, नेमका संदिग्ध पट्ट्यात, आणि अगदी सावकाश चढत राहिला. उघडायची की बंद ठेवायची? उघडली तर पुन्हा दररोज ५०,००० बॅरल समुद्रात, बंद ठेवली आणि तर्क चुकला तर तळ फुटण्याची भीती. कॅलिफोर्नियात भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूजलावर काम करणारे पॉल शे यांनी मोबाइलवर काढलेल्या आलेखाच्या छायाचित्रावरून दाबाच्या नोंदी घेतल्या आणि एका रात्रीत भूगर्भातल्या तेलसाठ्याचे गणिती प्रारूप उभे केले. साठा अपेक्षेपेक्षा जास्त रिकामा झाला असेल तर गळती नसतानाही दाब एवढाच राहील, असे त्यातून दिसले. सरकारने विहीर बंद ठेवली, पण एकेक दिवसाची मुदत वाढवत आणि समुद्रतळावर सतत पाळत ठेवत. स्वतंत्र माहिती, आधी ठरवलेली मर्यादा आणि मागे फिरण्याची सोय, हे तिन्ही तिथे होते. एप्रिलमध्ये यातले एकही नव्हते. तीच माणसे, तीच प्रयोगशाळा, तेच सर्वेक्षण आधीही सरकारच्याच पगारावर होते.

नेत्याने काय नाकारले हेही पाहिले पाहिजे, आणि इथे ओबामा कमी पडले. जिंदाल यांनी दलदलीच्या पुढे समुद्रात वाळूचे लांबच लांब बांध घालण्याची योजना मांडली. बांध वेळेत होतील का, तेल अडवतील का, याबद्दल केंद्राच्याच तज्ज्ञ संस्थांना शंका होत्या. २७ मे रोजी एका तुकड्याला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी ओबामा लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या ग्रँड आइलला गेले, तिथे स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना घेरले, आणि २ जूनला उरलेल्या तुकड्यांनाही निधी मंजूर झाला. एकूण ३६ कोटी डॉलर, बीपीच्या खिशातून. आयोगाच्या अभ्यासानुसार या बांधांनी अडवलेले तेल जेमतेम १,००० बॅरल भरले. विहीर तेवढे तेल अर्ध्या तासात सोडत होती. पैसा कंपनीचा होता म्हणून चालले, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ड्रेजर, माणसे आणि अधिकाऱ्यांचे आठवडे त्यात गेले, ते पुन्हा मिळणारे नव्हते.

तेल अडवण्यासाठी पाण्यावर टाकतात त्या तरंगत्या कुंपणांची, म्हणजे बूमचीही, तीच गत होती. प्रत्येक पॅरिशला (लुइझियानातल्या जिल्ह्याला) आपल्या किनाऱ्यावर नारिंगी बूम दिसायला हवे होते. बूमला आडवा प्रवाह ताशी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेला की तेल खालून निसटते. नांगर रोज तपासावे लागतात. वादळ आले की तेच बूम दलदलीत फेकले जाऊन गवत चिरडते. किती फूट बूम टाकले, हा आकडा रोज पत्रकारांना दिला जाई. त्यामागे किती तेल अडले, हे सांगितले जात नसे, कारण ते फारसे अडतच नव्हते.

४ ऑगस्टला सरकारने तेलाचा ताळेबंद जाहीर केला: १७ टक्के विहिरीच्या तोंडाशीच गोळा केले, ५ टक्के जाळले, ३ टक्के पृष्ठभागावरून खेचले, २५ टक्के उडून गेले वा विरघळले, २४ टक्के नैसर्गिकरीत्या किंवा रसायनांनी पांगले, २६ टक्के उरले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या ऊर्जा व हवामान बदल सल्लागार कॅरल ब्राउनर यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की बहुतेक तेल गेले. पांगलेले तेल गेलेले नसते, ते पाण्यात थेंबांच्या रूपात असते. सुमारे १८ लाख गॅलन रसायन वापरून त्यातले काही मुद्दामच पांगवले होते. एप्रिलचा रोग ऑगस्टमध्ये पुन्हा डोके वर काढत होता.

पैशाच्या बाबतीत ओबामांनी उत्तम काम केले, आणि तेही आकडा पक्का होण्याआधी. कायद्यात सागरी विहिरीसाठी नुकसानभरपाईची मर्यादा ७.५ कोटी डॉलर होती, साफसफाईचा खर्च वेगळा. १६ जूनला व्हाइट हाउसमध्ये बीपीच्या प्रमुखांशी बोलणी होऊन २० अब्ज डॉलरचा निधी बाजूला काढायचे ठरले, वाटपासाठी केनेथ फाइनबर्ग नेमले गेले. राष्ट्राध्यक्षांना असा निधी फर्मावण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, ही टीका बरोबर आहे. पण एक्झॉन वाल्डीझमध्ये १९९४ साली ज्यूरीने दिलेली ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई सर्वोच्च न्यायालयात २००८ साली सुमारे ५० कोटींवर आली, अपघातानंतर १९ वर्षांनी. ज्या मच्छिमाराचा हंगाम आज बुडाला त्याला न्यायालयाचा तो वेळ परवडत नाही. २०१२ च्या सुरुवातीपर्यंत या निधीतून ६ अब्ज डॉलरहून अधिक वाटले गेले. कंपनीचा शेअर कोसळत असताना, ती नरम असताना हे पदरात पाडून घेणे, ही वेळेची अचूक जाण होती.

आणि तरीही माझ्या हिशेबात सर्वांत जड पारडे २० एप्रिलच्या आधीचे आहे. ३१ मार्च २०१० रोजी ओबामांनी सागरी ड्रिलिंग वाढवण्याची घोषणा केली आणि २ एप्रिलला, आजकालच्या रिगमधून सहसा तेल सांडत नाही, असे म्हटले. त्याच्या आठच महिने आधी, ऑगस्ट २००९ मध्ये, ऑस्ट्रेलियाजवळ तिमोर समुद्रात माँटारा विहीर फुटली होती. ती ७४ दिवस वाहिली आणि पाचव्या प्रयत्नात, बाजूने खोदलेल्या रिलीफ विहिरीने बंद झाली. तिथे पाण्याची खोली जेमतेम ८० मीटर होती. दीड हजार मीटरवर काय होईल, हे विचारायला कोणाला खास बुद्धी लागत नव्हती.

ते विचारायचे काम सागरी ड्रिलिंगला परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, खनिज व्यवस्थापन सेवेचे होते. तिने बीपीचा जो प्रतिसाद आराखडा मंजूर केला, त्यात आखातात न आढळणाऱ्या वॉलरसचा उल्लेख होता, मरण पावलेल्या तज्ज्ञाचे नाव होते आणि दिवसाला ४,९१,७२१ बॅरल तेल गोळा करण्याच्या क्षमतेचा दावा होता. ८७ दिवसांत पृष्ठभागावरून खेचले गेले ते एकूण गळतीच्या ३ टक्के, म्हणजे दीड लाख बॅरलच्या आत. आराखड्यातल्या एका दिवसाच्या आकड्याचा तिसरा हिस्साही नाही. एवढा खोटा आकडा शिक्का मारून पुढे गेला, तिथेच अर्धी मोहीम हरली होती. ही संस्था आधीच्या सरकारांकडून बिघडलेली मिळाली हे खरे. पण सव्वा वर्ष हातात असताना ती दुरुस्त न करता ड्रिलिंग वाढवायचे ठरवणे हा ओबामांचा निर्णय होता. २७ मे रोजी त्यांनी स्वतः मान्य केले, की कंपन्यांची तयारी आहे यावर विश्वास ठेवण्यात आपली चूक झाली.

नंतर ती संस्था मोडून महसूल, परवाने आणि सुरक्षा वेगवेगळ्या कार्यालयांकडे दिली गेली. टोपी आणि जहाजे तयार असल्याचे दाखवल्याशिवाय खोल पाण्यात परवाना नाही, असा नियम आला. हे ठोस होते. विहीर नियंत्रणाचे कडक नियम यायला मात्र एप्रिल २०१६ उजाडले, इतका उशीर, की पुढच्या सरकारने २०१९ मध्ये ते सैल केले. ७.५ कोटींची मर्यादा उठवण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये अडले. प्रशासनाने २०१४ मध्ये महागाईचा हिशेब लावून ती १३.३६५ कोटींवर नेली. मकोंडोसाठी बीपीने २०१६ च्या तडजोडीत केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांना मिळून २०.८ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले, ते ती कंपनी तेवढी मोठी होती म्हणून. पुढची विहीर एखाद्या छोट्या कंपनीची असती तर २०१४ च्या मर्यादेने तिच्याकडून नुकसानभरपाई म्हणून मागता येणारा आकडा याच्या दीडशेव्या भागाच्या आसपास होता.